“पोटाला विश्रांती द्या” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल रात्री मावशीने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, “बाळाला सकाळपासून सात-आठ जुलाब झालेत. यात लिहिलंय तसं दूध-पाणी बंद ठेवलंय. बरोबर आहे ना?” बाळ दीड वर्षाचं आहे. बरोबर नाही, अजिबात नाही. तिला फोनवर लगेच सांगितलं, पण हाच मेसेज नात्यातल्या, सोसायटीतल्या आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही फिरतोय. म्हणून हे सविस्तर.

मेसेजचं नाव “जुलाब-उलटीच्या साथीत पाळायचे सात नियम”. खाली ‘मोठ्या हॉस्पिटलच्या तज्ज्ञांकडून’ असं लिहिलंय, नाव कुणाचंच नाही. थोडक्यात सात नियम असे: साथ चिकन-अंड्यांतून येते, शाकाहारी घरांना धोका नाही. खराब अन्न वासावरून ओळखता येतं, शंका असेल तर घासभर चाखून बघा. शिळं अन्न खळखळून गरम केलं की त्यातला दोष जातो. पाण्यात तुरटी फिरवा, घरी आरओ असेल तर तेवढंही नको. जुलाब लागले की दिवसभर पाणी-अन्न बंद ठेवून पोटाला विश्रांती द्या. जुलाब थांबवायची गोळी आणि अँटिबायोटिक घरात ठेवा, पहिल्या जुलाबालाच घ्या. आणि शेवटी, भाज्या मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा आणि कच्ची मोड आलेली कडधान्यं भरपूर खा.

क्रमाने जात नाही. ज्याने जीव जाऊ शकतो तो नियम आधी.

पाचवा नियम: पाणी-अन्न बंद

जुलाबाच्या साथीत लहान मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पटकीसारख्या (कॉलरा) आजारात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. हे पाणी त्याने प्यायलेलं नसतं. जंतूच्या विषामुळे ते रक्तातून आतड्यात ओढलं जातं. म्हणून तोंडाने द्यायचं बंद केलं तरी जुलाब होत राहतात, फक्त भरपाई थांबते. दहा किलोच्या बाळाने एक किलो वजन गमावलं की ते अत्यवस्थ होतं, आणि एवढं पाणी जायला एक दिवससुद्धा पुरतो.

“पण पाजलं की लगेच होतं ना” असं आया म्हणतात. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. पोटात काही गेलं की आतडं हलतं, त्यामुळे पाजल्यावर शी होते. पण शी झाली म्हणून दिलेलं सगळं वाया गेलं असं नसतं. आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम जोडीनेच आत घेणारी दारं असतात. ग्लुकोजचा एक कण आत जाताना सोडियमचे दोन कण सोबत नेतो आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पटकीचं विष आतड्याची बाकी घडी विस्कटतं, पण ही दारं चालू राहतात. मीठ-साखरेचं पाणी चालतं ते याच दारांमुळे. नुसत्या पाण्याने क्षार भरून येत नाहीत आणि नुसत्या मिठाच्या पाण्याला आत शिरायला साखरेची सोबत मिळत नाही. दोन्ही हवेत, आणि मापात हवेत.

याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायला नको. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं भरून घेतली. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. पिंपांत पाणी कालवलं आणि रुग्णांना ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. त्याआधी छावण्यांत पटकीच्या शंभर रुग्णांमागे तीसच्या आसपास दगावत होते. त्यांच्या केंद्रात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. डॉक्टर मूठभर, परिचारिका मूठभर, बाकी सगळं आई-बाप-भावंडांच्या हातून. २०२३ साली डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते याच कामासाठी. अर्धशतकापूर्वी चिखलातल्या छावणीत जे सिद्ध झालं, त्याच्या नेमकं उलट आज मोबाइलवरून घराघरांत सांगितलं जातंय, याचा राग येतो.

आता करायचं काय ते सांगते. औषधाच्या दुकानातून ओआरएसचं, म्हणजे अशा मीठ-साखरेच्या पाण्याच्या तयार पुडीचं, पाकीट आणा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख हवा. लिटरचं पाकीट साधारण साडेवीस ग्रॅमचं असतं, त्यात मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठीची छोटी पाकिटंही मिळतात, आणि चूक इथेच होते. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते पाचपट खारट होतं आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं. उलट छोटं पाकीट लिटरभर पाण्यात घातलं तर त्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून पाकिटावरचं पाण्याचं माप वाचा, मोजून पाणी घ्या आणि पाकीट पूर्ण रिकामं करा. ‘अर्धं आता, अर्धं नंतर’ नको, कारण चमच्याने केलेले अर्धे भाग कधी सारखे होत नाहीत. पाणी उकळून गार केलेलं असावं. कालवल्यावर उकळू नका, वरून साखर घालू नका, दुधात किंवा सरबतात मिसळू नका. चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्या.

पाकीट मिळेपर्यंत घरचं: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा आणि वरून बोटाने सपाट केलेला. शिगोशीग चमच्याने माप चुकतं. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करा.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, मोठ्यांना हवं तेवढं. बाळाला वाटी-चमच्याने द्या, बाटली नको. बाटलीचं बूच स्वच्छ राहत नाही आणि बाळ एका दमात जास्त ओढतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. सगळी उलटी पडली असं वाटलं तरी बराचसा भाग आत गेलेला असतो. डोळे खोल गेलेत, तोंड सुकलंय, बाळ चिडचिडं होऊन अधाशासारखं पितंय, अशी लक्षणं असतील तर चार तासांत वजनाच्या किलोमागे ७५ मिलिलिटर. दहा किलोच्या बाळाला पाऊण लिटर. हे शक्यतो दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात नजरेखाली.

अंगावरचं दूध बंद करायचं नाहीच, उलट जास्त वेळा पाजायचं. वरचं खाणारं बाळ असेल तर मऊ भात-वरण, मीठ घातलेली पेज, ताक, केळं, मुगाची खिचडी थोडी-थोडी आणि दिवसातून जास्त वेळा. आतड्याचं झिजलेलं अस्तर अन्न मिळाल्यावरच लवकर भरून येतं. उपाशी ठेवलेलं मूल जुलाबातून उठतं तेव्हा वजनाने खाली गेलेलं असतं आणि पुढच्या आजाराला आणखी लवकर बळी पडतं. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी डोस पुरा करा. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं.

कोल्ड्रिंक, पॅकबंद फळांचा रस, ग्लुकोज पावडरचं नुसतं गोड पाणी हे ओआरएस नव्हे. त्यात साखर खूप जास्त आणि सोडियम फार कमी असतं, त्यामुळे ती साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. ओआरएस असं नाव छापून गोड पेयं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने, अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली. तरी घेताना पाठीमागचा मजकूर वाचा. टेट्रापॅकमधला ‘ऑरेंज’ स्वादाचा रस म्हणजे औषध नाही.

आणि घरी थांबायचं नाही ते केव्हा? मूल सुस्त पडलंय, जागं करूनही नीट जागं होत नाही. प्यायला तयार नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतंय. सहा-आठ तासांत लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. शीमध्ये रक्त आहे. ताप चढलेलाच आहे. यातलं एकही असेल तर लगेच दवाखाना, रात्र असेल तर १०८. वाटेतही चमच्याने पाजत राहा.

सहावा नियम: गोळी आणि अँटिबायोटिक

हा पाचव्याचा जुळा भाऊ. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी आतड्याची हालचाल मंद करते. जंतू आणि त्याचं विष बाहेर पडायची वाट तीच. शिगेला, साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरसारखा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरलेला असताना ही वाट बंद केली तर आजार लांबतो. ई. कोलाय या जंतूच्या काही जाती शिगा नावाचं विष तयार करतात. त्यात ही गोळी घेतली तर मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढतो. लहान मुलांमध्ये तर आतड्याची हालचाल पूर्ण थांबून पोट फुगतं आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. मुलांना ही गोळी द्यायची नाही, विषय संपला. ताप नाही, रक्त नाही आणि प्रवास टाळता येत नाही अशा मोठ्या माणसाने एखादी गोळी घेतली तर बिघडत नाही, एवढं मान्य. मेसेजमध्ये यातली एकही अट नाही.

अँटिबायोटिकचंही तेच. दुकानात ‘लूज मोशन’ म्हटलं की चिठ्ठीशिवाय हातात पडते ती बहुधा ऑफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिनसोबत ऑर्निडाझोल किंवा टिनिडाझोल असलेली जोडगोळी. त्यातला दुसरा घटक अमिबासारख्या परजीवींसाठी आहे, साथीतल्या बहुतेक जिवाणूंवर त्याचा उपयोग नाही. पहिल्या घटकाला कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू मोठ्या प्रमाणावर निर्ढावलेत. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात अँटिबायोटिकने आजार लवकर बरा होत नाही, शीतून जंतू पडत राहण्याचा काळ मात्र वाढू शकतो. शिवाय दोन गोळ्या घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात की शीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नाही. विषमज्वराचं (टायफॉइड) निदान यामुळे नेहमी अडतं. पटकीच्या गंभीर रुग्णाला किंवा रक्ती आव पडणाऱ्या मुलाला अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टर देतात आणि द्यायलाच हवं. पण पहिल्या पातळ शीला नाही.

तिसरा नियम: गरम केलं की दोष जातो

हा सगळ्यात खरा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. गरम केल्याने जंतू मरतात, हे खरं. पण काही जंतू मरण्याआधी अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळीला दाद देत नाही.

रात्रीचा भात घ्या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजताना ते मरत नाहीत, उलट शिजण्याच्या उष्णतेने जागे होतात. भात कुकरमध्येच झाकून रात्रभर ओट्यावर राहिला तर पहाटेपर्यंत ते वाढून उलटी आणणारं विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. घरातला कुकर शिट्टीला जेमतेम तेवढ्या तापमानाला पोचतो, कढईतली फोडणी काय करणार? त्यामुळे सकाळचा फोडणीचा भात कितीही परतला, वाफ काढली, तरी एक ते सहा तासांत उलट्या होऊ शकतात. स्टॅफिलोकॉकसचं तसंच आहे. तो माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमेत राहतो. कापलेल्या बोटाने मळलेला खवा, पेढे, बासुंदी, श्रीखंड ओट्यावर राहिलं की त्यात तो विष सोडतो, आणि त्याचं विष अर्धा तास उकळूनही निकामी होत नाही.

तिसरा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मेसेजचं थोडं बरोबर आहे ते इथे. मटणाचा रस्सा, डाळ, खिचडी मोठ्या पातेल्यात हळूहळू गार होताना हा साधारण ४३ ते ४५ अंशांवर दर दहा मिनिटांनी दुप्पट होतो. त्याचं विष मात्र अन्नात नाही, पोटात गेल्यावर तयार होतं. म्हणून खाण्याआधी मधोमध ७४ अंशांपर्यंत, म्हणजे सगळीकडून बुडबुडे येईपर्यंत ढवळून गरम केलं तर तो मरतो. पण तुमच्या पातेल्यात यातला कोणता आहे हे पाहून कळत नाही, त्यामुळे ‘गरम केलं की झालं’ या भरवशावर राहता येत नाही.

भरवसा ठेवायचा तो घड्याळावर आणि भांड्याच्या खोलीवर. ५ ते ६० अंशांच्या मधला काळ जंतूंचा. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त नको, एप्रिल-मेच्या उकाड्यात एक तास. उरलेला भात किंवा भाजी पसरट ताटात दोन इंचांपेक्षा कमी थरात पसरा, खाली परातीत गार पाणी ठेवा, ढवळा आणि वाफ गेली की फ्रीजमध्ये टाका. खोल डब्यात दाबून भरलेला भात फ्रीजमध्येसुद्धा मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. ‘गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये’ म्हणून रात्री बारापर्यंत बाहेर ठेवणं हीच मोठी चूक. फ्रीजमध्ये पाच अंश किंवा त्याहून कमी हवं. आत एक स्वस्त तापमापक ठेवा, कारण गच्च भरलेल्या फ्रीजमध्ये गार हवा फिरत नाही. भारनियमनात फ्रीज उघडला नाही तर साधारण चार तास तग धरतो. त्यानंतर त्यातला भात, दूध, मटण खाऊ नका.

सप्ताह, लग्न, गणपतीचा महाप्रसाद करणाऱ्यांनी हे जास्त नीट ऐकावं. रात्री दोनला शिजवलेली शंभर लोकांची खिचडी झाकून दुपारी बाराला वाढायची असेल तर मधल्या दहा तासांत ती ६० अंशांच्या वर, म्हणजे हात लावता येणार नाही इतकी गरम राहिली पाहिजे. ते जमत नसेल तर पहाटे उशिरा शिजवा. वाढपी दोघे कमी चालतील, पण जुलाब असलेला एकही नको. जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत त्याने स्वयंपाकात हात घालू नये.

पहिला नियम: चिकनवाल्यांना होतं, आपल्याला नाही

हा पुण्याच्या २०२५ च्या अनुभवावरून उचललेला दिसतो. जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत जुलाबानंतर हातपाय लुळे पडल्याचे रुग्ण येऊ लागले आणि संख्या दोनशेच्या वर गेली. गुलियन बॅरे, म्हणजे जीबीएस. काही रुग्णांच्या शीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे लोकांनी चिकन सोडलं. पण हाच जंतू दूषित पाण्यातूनही पसरतो. रुग्ण विशिष्ट भागांत गोळा झाले होते, म्हणून यंत्रणेने तिथली विहीर, टँकर आणि खाजगी पाणी प्रकल्प तपासायला घेतले.

चिकनबद्दल अर्धं खरं मान्य करते. कच्च्या चिकनमध्ये हा जंतू असतो आणि फार थोड्या संख्येने आजार करतो. पण शिजताना चिकनचा मधला भाग ७४ अंशांवर गेला की तो उरत नाही. हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये. खरा धोका आधी असतो. चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत उडतात. धुवू नका, थेट शिजवा. त्याची सुरी, पाट आणि कांदा-टोमॅटोची सुरी, पाट वेगळे ठेवा. हात साबणाने वीस सेकंद.

आणि शाकाहारी सुरक्षित, हे तर धादांत खोटं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाचा प्रसाद खाऊन शेकडो भाविक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना म्हणून बाहेर दोऱ्या बांधून सलाइन लटकवावी लागली. एकादशीचा प्रसाद होता तो, भगर-आमटीचा. आणि २०११ मध्ये जर्मनीत ३,८०० हून अधिक लोक ई. कोलायने आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. तिथे सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ घेतला गेला, स्पेनच्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. निघाले ते मोड, आणि तपास पोचला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत. काकडीचा संशय धरून बसले तोवर लोक मोड खात राहिले. चिकन सोडून कच्ची मटकी खाणारं घर तेच करतंय.

म्हणून सातवा नियमही इथेच उरकते. कडधान्याला मोड येतात ते उबेत आणि ओलाव्यात, एक-दोन दिवस. दाण्याच्या भेगेत जंतू असेल तर त्यालाही तीच ऊब मिळते, आणि धुऊन तो निघत नाही. साथ असेपर्यंत मोड आलेलं काहीही कच्चं नको. वाफवून, उसळ करून खा. व्हिनेगर-मिठाने पृष्ठभागावरचे जंतू थोडे कमी होतात, संपत नाहीत. वाहत्या पाण्याखाली चोळून धुण्याचा फायदा त्याहून फारसा कमी नाही. कोथिंबीर शेवटी वरून भुरभुरण्याऐवजी उकळत्या आमटीत टाका. कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी, पाणीपुरीचं पाणी, उसाच्या रसातला बर्फ तूर्तास नको. बर्फात जंतू मरत नाहीत. न खाण्याचा औद्योगिक बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात आहे, पण गाडीवरचा पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा हे तुम्हाला दिसत नाही. लसूण आणि लिंबू खा, जेवण रुचकर होतं, जंतू त्याने मरत नाहीत.

दुसऱ्या नियमावर वेळ घालवत नाही. अन्न आंबणारे, वास आणणारे जंतू वेगळे आणि आजार करणारे वेगळे. दूषित अन्नाला बहुतेक वेळा वास, चव, रंग सगळं नेहमीचं असतं. म्हणूनच लोक ते खातात. ‘घासभर चाखून बघा’ हा सल्ला देणाऱ्याने त्या घासातल्या विषाची जबाबदारी घ्यावी. शंका आली की फेका. फक्त एक अपवाद: कुणी आजारी पडलेलंच असेल तर त्या अन्नाचा नमुना स्वच्छ डब्यात बंद करून, चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि आरोग्य केंद्राला कळवा. तपासणीला तोच लागतो.

चौथा नियम: तुरटी आणि आरओ

तुरटीचं काम गढूळपणा खाली बसवणं. गाळासोबत काही जंतू खाली जातात, बरेच वर राहतात. तरी तुरटीला नावं ठेवत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतं, त्यामुळे पावसाळ्यात आधी तुरटी, मग वरचं निवळ पाणी काढून घेणं बरोबरच. चूक आहे ती तिथेच थांबण्यात. त्यापुढे उकळा, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट. नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण), बाटलीवरच्या मापाने, आणि अर्धा तास थांबा.

सोसायटीच्या टाकीला किंवा विहिरीला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालताना हजार लिटरला चांगली पावडर साधारण अडीच ग्रॅम पुरते. चांगली म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीनची. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तिचा जोर जातो आणि मग मापाचा उपयोग नाही. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत सोडा, तासभर थांबा आणि शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी, करा. पिवळं आलं नाही तर क्लोरीन पोचलेलं नाही. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे.

आरओचा पडदा शाबूत असेल तर जंतू अडवतो. पण आरओ यंत्रातला कोळशाचा फिल्टर क्लोरीनही काढून टाकतो. त्यामुळे पुढच्या टाकीत, जारमध्ये, माठात शिरलेल्या जंतूला रोखणारं काहीच उरत नाही. पुण्यात त्या साथीत खाजगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचे नमुने नापास झाले आणि महापालिकेला ते बंद करावे लागले. जारचं पाणी आणत असाल तर साथीत तेही उकळा. उकळलेल्या पाण्यात हात बुडवून तांब्या भरू नका, लांब दांड्याचा डाव किंवा तोटी वापरा.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि पुण्यानंतर तरी ती असायला हवी होती. जुलाब बरे झाले म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर संपला असं नेहमी होत नाही. फार थोड्या लोकांत, साधारण हजारात एकात, शरीराने या जंतूविरुद्ध तयार केलेली शस्त्रं स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालतात (हाच तो जीबीएस), कारण जंतूचं बाहेरचं कवच आणि मज्जातंतूचं आवरण सारखं दिसतं. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे दुमडणं, चप्पल पायातून निसटणं, मग अशक्तपणा वर हातांकडे चढत जाणं. तोंड एका बाजूला वाकणं, गिळताना ठसका, बोलताना धाप. असं दिसलं तर ‘आजारपणाचा थकवा’ म्हणून टॉनिक देत बसू नका. त्याच दिवशी व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्या आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते हे स्वतःहून सांगा. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.